वखारवाल्या अण्णांचा काळ्या

अण्णांना कुणी ‘बसा’ म्हटलं की ते आधी खुर्चीकडं बघत, मग आपल्या धोतराकडं, आणि उभेच राहत. कोळशाच्या वखारीचा मालक. बसेल तिथं ठसा उमटायचा. शिवाजी पेठेतल्या ओळखीच्या घरांनी त्यावर तोड काढली होती. इतर पावण्यांना सतरंजी, अण्णांना पोतं. त्यांना त्याचं काही वाटत नसे. उलट म्हणत, “ठसा उमटतोय म्हणून कळतंय तरी, अण्णा येऊन गेला. गोरीपान माणसं येऊन गेली त्याची काय खूण ऱ्हातीया?”

त्या सगळ्या काळेपणात एकच गोष्ट चकचकीत होती, ती म्हणजे मिशी. दोन्हीकडून वर वळवलेली, खोबरेल पाजलेली. संध्याकाळी वखारीला कुलूप लागलं की नळाखाली पहिली आंघोळ मिशीची, मग माणसाची. अव्वा, म्हणजे त्यांची बायको, सांगायच्या, “अंतरपाट खाली झाला तवा मला आदी मिशी दिसली. ह्ये मागनं दिसले.”

मी त्यांची भाडेकरू. वखारीच्या भिंतीला लागून एक खोली होती, पुढं थोडा ओटा. तिथं मी कोळशाच्या इस्त्रीचं टेबल मांडलं. माझं गाव वर्धेच्याही पलीकडं. शाळा नदीच्या त्या काठाला, आणि नदीवर पूल नव्हता. सातवीनंतर बापानं ‘राहू दे’ म्हटलं आणि ते राहूनच गेलं. लग्न झालं, नवऱ्याला कोल्हापुरात ट्रकवर काम मिळालं, तो निम्मा आठवडा रस्त्यावर आणि मी या परक्या, मोठ्यानं बोलणाऱ्या गावात. इथं कुणी प्रेमानं बोललं तरी मला वाटायचं भांडण सुरू झालं. त्यात एका प्रश्नाची कायमची धास्ती: ‘किती शिकलीस?’ कुणी तोंड उघडलं की मला वाटे, आता तेच विचारणार.

खोली बघायला गेलो तेव्हा अण्णांनी विचारलं ते भलतंच.

“तुमच्या गावात आभाळ किती दिसतंय?”

मी घाबरून म्हटलं, “पूर्ण दिसते.”

“पूर्ण?” ते अव्वांकडं वळले. “ऐकलंस का? पूर्ण दिसतंय म्हणं. च्या टाक.”

भाड्याचं बोलणं पुढच्या आठवड्यात झालं. त्या दिवशी नुसता चहा झाला, आणि जाताना ते मला ‘तंगी’ म्हणाले. त्यांचं घराणं सीमेकडचं, लिंगायत. घरात निम्मं कानडी. तंगी म्हणजे धाकटी बहीण, हे मला अव्वांनी नंतर सांगितलं. तोवर मला वाटत होतं, माझ्या तंगीचीच कुणीतरी चहाडी केली.

अण्णांना आभाळाचा नाद कसा लागला याच्या पेठेत बऱ्याच कहाण्या होत्या. खरी अशी, की पुण्याकडच्या एका हौशी माणसाचं कुठल्याशा कॉलेजात भाषण होतं आणि अण्णा तिथं कोळशाची गाडी पोचवायला गेलते. गाडी खाली होईपर्यंत दारात उभे राहिले. भाषण ग्रहताऱ्यांचं. त्यात तो माणूस म्हणाला, मंगळ आणि गुरूच्या मधे दगडांचा मोठा पट्टा आहे, आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला जे दगड आहेत त्यातले बरेच कोळशासारखे काळे आहेत. अण्णांनी बाकी सगळं भाषण सोडून दिलं आणि तेवढं वाक्य घेऊन घरी आले.

“माझ्या धंद्यातलं निघालं की!” ते म्हणाले म्हणे.

त्यातलाच एक मोठा दगड त्यांनी आपला मानला. पुस्तकात त्याला नंबर आहे आणि परदेशी नाव आहे, पण ते माझ्या जिभेवर कधी बसलं नाही, अण्णांच्याही नाही. ते त्याला ‘काळ्या’ म्हणत, घरच्या बैलाला म्हणावं तसं. “काळ्या सध्या लांब गेलाय.” “काळ्या आता वळंल.” नवीन माणसाला वाटायचं, यांचा कुत्रा हरवलाय.

“केवढा आहे हो?” मी एकदा विचारलं.

“हितनं पुण्यापतूर.”

“आणि दिसत नाही?”

“दिसंल कसा? उजेड पडतोय तेवढा गिळून बसतोय.” त्यांनी वखारीच्या कोपऱ्यातल्या ढिगाकडं हात केला. “ह्यो ढीग काय कमी हाय? दिवा मालवला की हाय का न्हाय कळत न्हाय. पाय लागला की कळतंय.”

दुर्बीण त्यांनी घरी केली. पुण्याच्या त्या माणसाकडनं आरशासाठी जाड काच आणली आणि पिंपावर ठेवून, पिंपाभोवती फिरत फिरत, दुसऱ्या काचेनं ती घासत राहिले. आरसा घासायचा, तोही कोळशाच्या वखारीत! पहिल्या आरशावर कोळशाची कणी बसली आणि ओरखडे पडले. दुसऱ्या वेळी त्यांनी पिंप स्वयंपाकघरात नेलं. दोन महिने अव्वा एका अंगानं भाकरी करायच्या आणि दुसऱ्या अंगानं अण्णा पिंपाला प्रदक्षिणा घालायचे. “देवळात कवा गेला न्हाय,” अव्वा म्हणायच्या, “आता पिंपाला नवस फेडतोय.” शेवटी गटारीच्या सिमेंटच्या पाइपात तो आरसा बसवला. पेठेनं त्याला नाव दिलं, तोफ. नंतर त्यांनी प्लास्टिकच्या पाइपाची एक लहान दुर्बीण केली. तिचं नाव आपोआपच पिल्लू पडलं.

पण तोफेतूनही काळ्या दिसत नव्हता. गावातल्या उजेडात तो दिसण्यातला नव्हताच. समोरचे सलूनवाले रोज सकाळी शटर उघडता उघडता विचारायचे, “काय अण्णा, घावला का दगुड?” सलूनवाले म्हणजे पेठेचं तोंड. त्यांच्या खुर्चीत बसलेल्याची दाढी कमी आणि समोरून जाणाऱ्याची जास्त व्हायची.

मग त्या हिवाळ्यात पुण्याहून निरोप आला. काळ्या एका ताऱ्याच्या आड येणार. संध्याकाळी, जेवणाच्या सुमारास. तारा काही सेकंद विझणार आणि परत पेटणार. ज्या पट्ट्यात दगडाची सावली पडेल तिथनंच ते दिसणार आणि त्या पट्ट्यात कोल्हापूर येतंय असा अंदाज.

अण्णा तसेच सलूनमध्ये गेले. आत दोन गिऱ्हाइकं, बाकावर तीन रिकामटेकडे.

“ह्या पेठेत तारा विझवून दावतो,” अण्णा म्हणाले.

“तुम्ही?” सलूनवाले म्हणाले. “अण्णा, कोळशाचा धूर डोस्क्यात गेलाय तुमच्या. तारा म्हंजे काय शेगडी हाय व्हय, विझायला?”

“न्हाय विझला तर मिशी तुझ्या वस्तऱ्याखाली.”

बाकावरचे तिघं उठून उभे राहिले. कोल्हापुरात माणूस पैजेवर बैल लावेल, फटफटी लावेल. मिशी लावत नाही. संध्याकाळपर्यंत ही बातमी गावाच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत गेली.

त्याच दिवशी पुण्याहून फोन आला. अंदाज म्हणजे अंदाज, सावली इकडं-तिकडं सरकू शकते, पन्नास मैल सहज. अण्णा मेडिकल दुकानातला फोन ठेवून आले आणि पोत्यावर बसले. अव्वा म्हणाल्या, “जावा, शब्द मागं घिऊन या.”

“मिशीचं सोड,” अण्णा म्हणाले. “दगुड सुटाया नगं. सावली कोकणच्या अंगाला सरकली तर गगनबावड्यात पडंल. तितं कुणीतरी पायजे.” आणि माझ्याकडं बोट केलं. “तंगी जाईल.”

माझ्या हातातली इस्त्री खाली आली. म्हटलं, “अण्णा, मी सातवी आहे.”

मी कोल्हापुरात पहिल्यांदाच ते आपण होऊन बोलले असेन. अण्णांना ऐकूच गेलं नाही बहुतेक. ते म्हणाले, “तू रोज निखारं विझलं का बघायला कितीदा उठतीस? म्या बघतो की. विझवतीस, पाणी टाकतीस, परत येऊन बघतीस. मला असलाच भित्रा डोळा पायजे. धाडशी माणूस डोळा मिटतोय. भित्रा मिटत न्हाय.”

माझ्या भित्रेपणाला आजवर सासूनं नावं ठेवली, नवऱ्यानं ठेवली. कुणी कामावर ठेवलं नव्हतं.

मग रोज दिवेलागणीनंतर गच्चीवर शिकवणी. आधी एका ओळीतले तीन तारे, त्यांच्यावरून वर, विळ्यासारखा वाकडा झुपका, त्याच्या टोकाला दोन बारके, आणि त्यांच्या खाली ‘आपला’. चुकले की अण्णा ओरडत नसत. म्हणत, “परत गावास्नं नीघ,” म्हणजे परत तीन ताऱ्यांपासून. तारा विझला की मोठ्यानं ‘गेला’ म्हणायचं, पेटला की ‘आला’. शेजारी टेप रेकॉर्डर चालू आणि रेडिओही चालू, म्हणजे नंतर रेडिओवरनं वेळ जुळवता येईल. टेप कोण धरणार? अव्वा. गगनबावड्यात त्यांची बहीण दिलेली होती. लग्न झाल्यापासून एकदाही त्या नळीला डोळा न लावलेल्या अव्वा म्हणाल्या, “ह्या माणसानं मला कवा चांद दावला न्हाय. आता दगडापायी घाट चढाय लावतोय.” पण त्यांनी दशम्या बांधल्या.

एसटीत पिल्लू गोधडीत गुंडाळून माझ्या मांडीवर. कंडक्टर वाकून बघायला लागला.

“काय हाय ओ मावशी ह्यात?”

“माझी सवत हाय,” अव्वा म्हणाल्या. “अर्धं तिकीट फाडा.”

बहिणीच्या घरामागं भाताचं मोकळं खाचर होतं. थंडी अशी की दात वाजत होते. आभाळ मात्र पूर्ण. माझ्या गावासारखं. मी ‘गावास्नं निघाले’ आणि ताऱ्यापाशी पोचले. तिथून हलले नाही. डोळ्यातून पाणी यायला लागलं तरी मिटला नाही. शेजारी रेडिओवर म्हशीच्या कासेची निगा कशी राखावी ते चाललं होतं. मला एकच धास्ती. माझ्यामुळं अण्णांचा दगड सुटणार.

आणि तारा नव्हता.

हळूहळू मंद होईल, अशी माझी कल्पना. तसं नाही. असलेला नसला. माझ्या तोंडून आमच्याकडचंच निघालं, “गेला! गेला बाप्पा!”

“कोण गेला?” अव्वा दचकल्या. “अगं कुटं गेला?”

“थांबा ना अव्वा!”

“कोण पडलं का काय? कंदील आणू?”

“कंदील नका आणू! थांबा... आला! आला!”

“आला? आरं देवा,” अव्वांनी उसासा टाकला, “मला वाटलं आमचा भाऊजीच गेला खड्ड्यात.”

हे सगळं टेप झालं. मागं म्हशीची कास.

आम्ही धावत फोनच्या बूथवर गेलो. पेठेत मेडिकल दुकानात फोन होता, तो वाजत राहिला. कुणी उचलेना. का उचलत नाही ते दुसऱ्या दिवशी कळलं.

पेठेत काय झालं ते मी इतक्या तोंडांनी ऐकलंय, की आता मी तिथंच होते असं वाटतं. तारा विझणार म्हणजे कार्यक्रम. कार्यक्रम म्हणजे पावणं येणार. पावणं येणार म्हणजे मांडव! तालमीतल्या मंडळींनी दुपारीच वखारीपुढच्या चौकात लालपिवळा मांडव घातला, वर हॅलोजन लावले, हलगीवाले बोलावले. अण्णा गच्चीवरची तोफ खाली आणतात तर वर आभाळच नाही.

“आरं, तारा बघायचाय! मांडव कशापायी?”

“आता बाया-माणसं येणार, अण्णा. उघड्यावर बसवायचं व्हय?”

शेवटी कापडाला तोफेपुरतं भगदाड पाडलं. हॅलोजन मालवायला वायरमनला शोधायला लागलं. मेडिकलवाल्यासह सगळी पेठ मांडवात, हलगी सुरू, तिकडं फोन वाजून वाजून दमला.

नळी एक आणि माणसं मांडवभर. त्या काही सेकंदांत डोळा कुणी लावायचा? सगळ्यांना वाटलं, अण्णा. इतकी वर्षं ज्याच्यासाठी पिंपाला फेऱ्या मारल्या ती घटका. अण्णांनी सलूनवाल्यांना पुढं ओढलं. “तू बघ. म्या बघितलं तर म्हणशील, अण्णा खोटं बोलला.”

हलगी थांबली. सलूनवाले नळीला डोळा लावून बोलू लागले. “हाय... हाय... हाय अजून.” पहिल्यांदा त्यांचा आवाज चढा होता म्हणे. मग बारीक होत गेला. वेळ झाली. वेळ टळली. “हाय की ओ, अण्णा...” हे तर रडवेलं.

“घड्याळ पुढं असंल,” सलूनवाले म्हणाले. “थांबूया वाईच.”

थांबले. तारा जागच्या जागी.

मग सलूनवाल्यांनी डोळा काढला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “म्या मधी डोळा मिटलो असंन. तवाच गेला असंल. गेलाच असंल की!”

अण्णांनी त्यांच्याकडं बघितलं. “मिटला का डोळा?”

सलूनवाल्यांनी परत नळीत डोकावून बघितलं.

“खरं सांग.”

“न्हाय, अण्णा.”

“मग आण वस्तरा.”

ज्या माणसानं पेठभर सगळ्यांची बिनपाण्यानं केली, त्यानं त्या दिवशी साबण दोनदा लावला. अण्णाच त्याला सांगत होते, “सावकाश. कापशील बघ.” हलगीवाल्यांना वाजवावं का नको कळेना. कुणी हसलं नाही.

सकाळच्या पहिल्या एसटीनं आम्ही उतरलो तर स्टँडवर एक अनोळखी म्हातारा आमच्याकडं बघत उभा. वरच्या ओठाची पट्टी तेवढी गोरी, बाकी सगळा काळा. अव्वा माझ्या कानात म्हणाल्या, “ह्यो कोण पावणा टक लावून बघतोय?” आणि मग ओळख पटली. त्यांनी पदर तोंडाला लावला. आधी हसल्या, मग पदर डोळ्यांकडं नेला.

“तंगी?” अण्णांनी एवढंच विचारलं.

रात्रभर जी भीती घेऊन बसले होते, तीच आधी बाहेर पडली. “अण्णा, तारा गेला. आणि आला. पण मले तुमचा दगड नाही दिसला. मी लय बघितलं. काहीच नव्हतं तिथं. माझं चुकलं असंल.”

“दगुड न्हाय दिसला?”

“नाही ना.”

“कायबी न्हाय?”

“काहीच नाही.”

अण्णांनी पिल्लू माझ्या हातातून घेतलं, छातीशी धरलं. गोधडीवर काळा ठसा उमटला. बिनमिशीचं तोंड एवढं मोठं हसतं हे तेव्हा कळलं.

“मग त्योच,” ते म्हणाले.

ती कॅसेट सलूनमध्ये लागली तेव्हा रस्त्यापर्यंत माणसं होती. म्हशीची कास, माझं ‘बाप्पा’, अव्वांचा कंदील. एक जण म्हणाला, “मालकाच्या खोलीत ऱ्हातीया ती, म्हणणारच की विझला.” सलूनवाले त्याच्या अंगावर गेले. “आव्वांचा आवाज ऐकला न्हाईस व्हय? ह्ये नाटक हाय? आव्वांस्नी नाटक येत असतं तर अण्णाकडं नांदल्या असत्या व्हय?” पुढं पुण्याहूनही कळलं, कोकणातल्या कुणा मास्तरांनी तेच बघितलं, त्याच वेळी. सावली घाटापलीकडं सरकली होती. पेठ थोडक्यात हुकली.

सलूनवाल्यांनी त्याच दिवशी हात जोडले. “अण्णा, जिंकला तुम्ही. वाढवा मिशी.”

“म्या काय म्हणलोतो? पेठेत विझवून दावतो. गगनबावडा पेठेत हाय व्हय?”

नंतर कितीतरी वर्षं, दर आठवड्याला सलूनवाले दाढी करताना वरच्या ओठापाशी हात थांबवून विचारायचे, “ठेवूया का, अण्णा?” आणि अण्णा डोळे मिटून म्हणायचे, “पेठेत विझू दे आदी.”

पेठेत तो विझला नाही. घरोघर गॅस आला, मग माझ्याकडंही विजेची इस्त्री आली, वखारीत आधी सिमेंटची पोती आली आणि मग नुसतं कुलूप. निखारे नाहीत, तरी मी अजून उठून बघते. प्लगला हात लावून येते. अण्णांकडं अधूनमधून आभाळवाली शिकलेली माणसं यायची. अण्णा त्यांना घरात न नेता थेट माझ्या टेबलाशी आणून उभे करायचे. “मला काय इचारताय? म्या न्हाय बघितला. ह्या बाईनं बघितलाय.” आणि ती माणसं मला विचारायची, कसा गेला हो, हळू की एकदम? ‘किती शिकलात’ असं त्यातल्या एकानंही विचारलं नाही. मी कपड्याची घडी घालता घालता सांगायची, एकदम. असलेला नसला. अण्णा शेजारी उभे राहून दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे ऐकायचे.

अण्णा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. भिंतीवर लावायला फोटो निवडायचा होता. सलूनवाल्यांचा हट्ट, मिशीवालाच लावा, तरणाबांड दिसतोय. अव्वांनी ट्रंकेतून दुसराच काढला, गोऱ्या ओठाचा. “मिशीवाला कुणाचाबी आसतोय,” त्या म्हणाल्या.

नवीन माणूस आला की फोटोकडं बघून विचारतोच, पेठेतला माणूस आणि मिशी कशी नाही? अव्वा म्हणतात, “एका दगडापायी गेली. त्या बाहेर इस्त्री करतीया तिला इचारा. तिनं बघितलाय.”

मग तो माणूस ओट्यावर येतो.

“म्हणजे तुम्ही स्वतः बघितला तो दगड?”

“नाही,” मी म्हणते. “काही दिसलंच नाही.”

आणि आतून, भाकरी थापण्याच्या आवाजाबरोबर, अव्वांचा आवाज येतो.

“मग त्योच.”